गालिच्याचं वाळवण

तारापूर औद्योगिक वसाहतीत जिथे सुती कापड विणतात, त्या शेडमधली हवा मुद्दाम ओली ठेवतात. हवा कोरडी पडली की ताण्याचे धागे तटातट तुटतात आणि माग थांबतो. म्हणून मागाजवळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास राहावी यासाठी पाण्याचे फवारे, पंखे, मोठमोठे डक्ट असा सगळा थाट मांडलेला असतो. पाळी संपवून कामगार शेजारच्या सरावलीत घरी येतो, तेव्हा जून ते सप्टेंबरात त्याच्या हॉलमधली हवाही जवळपास तेवढीच ओली असते, आणि तिचं वीजबिल कुणाला येत नाही. शेडमधलं कापड त्या हवेत काही दिवस असतं. हॉलमधला गालिचा चार महिने असतो.

प्रस्तुत लेखकाचा धंदा याच गालिच्यांचा. सोफे, गाद्या आणि गालिचे धुऊन देणं. सरावली कागदोपत्री ग्रामपंचायत, जनगणनेच्या हिशेबात शहर, आणि प्रत्यक्षात बोईसर स्टेशन व कारखान्यांच्या मधे वाढत गेलेल्या चाळींची आणि इमारतींची दाटी. इथे नवा फ्लॅट घेतला की सोफा येतो, आणि सोफ्यापुढे गालिचा अंथरला नाही तर खोली अपुरी वाटते. तो बहुतेक वेळा पानिपतचा, यंत्रावर विणलेला असतो. क्वचित एखाद्या उत्तर प्रदेशी कुटुंबाने गावाकडून आणलेला, हाताने गाठी मारलेला भदोहीचा लोकरी गालिचाही निघतो, आणि त्या दिवशी धुणाऱ्याचा हात जरा जपून चालतो.

पानिपत, भदोही, मिर्झापूर ही नावं एकत्र घेतली की एक गोष्ट लक्षात येते. सगळी गावं समुद्रापासून लांब. आपल्याकडे येरवड्याच्या तुरुंगात गालिचे विणले जायचे, तेही घाटावर. कोकणपट्टीत ही कला रुजली नाही, याचं लेखकाला कधीच नवल वाटलं नाही. पालघर जिल्ह्यातलं जुनं वारली घर पाहावं. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणमातीचा लेप, सारवलेली जमीन, आणि घरात सतत पेटणारी चूल. भिंतीतून वारा खेळायचा, धुराने छप्पर कोरडं राहायचं, आणि जमिनीवर कायमचं असं काही अंथरलेलं नसायचं. चटई झोपताना पसरायची, सकाळी गुंडाळून उभी करायची. आज घर सिमेंटचं झालं, खिडक्यांना सरकत्या काचा आल्या, चुलीच्या जागी गॅस आला. आणि गॅस जळताना धुराऐवजी वाफ सोडतो. अशा घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला गालिचा म्हणजे लेखकाच्या मते शुद्ध हौस. सुटा, दोन माणसांना उचलता येईल एवढाच गालिचा इथे शोभतो. सतरंजी असेल तर त्याहून बरं.

हौस भागवायचीच असेल, तर धागा पाहून भागवावी. कापडशास्त्रात प्रत्येक धाग्याची पाणी धरून ठेवण्याची एक प्रमाण संख्या असते. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या १६ टक्के पाणी धरते, ताग पावणेचौदा, कापूस साडेआठ. नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी, आणि पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ शून्य. म्हणजे आठ किलोचा लोकरी गालिचा साध्या, बऱ्या हवेतही सव्वा लिटरहून जास्त पाणी पोटात घेऊन बसलेला असतो, आणि हाताला कोरडाच लागतो. पावसाळ्यात हा आकडा आणखी चढतो.

यावरून कुणी म्हणेल, मग पॉलिप्रॉपिलीन घ्या आणि निवांत झोपा. तसंही नाही. वरचे तंतू पाणी धरत नाहीत, पण गालिच्याची पाठ बऱ्याचदा तागाची असते, तिला खळ किंवा लेटेक्स लावलेलं असतं, आणि तंतूंच्या बुडाशी पोह्याचे कण, केस, त्वचेची साल, पायाची माती साचलेली असते. बुरशीला प्लॅस्टिक नको असतं. तिला हे जेवण हवं असतं. खरी लोकर बुरशीला तशी सहज पचत नाही, तिचे शत्रू वेगळे, कसर आणि भुंगेऱ्याच्या अळ्या. ताग आणि सूत मात्र बुरशी आवडीने खाते.

बुरशीचे बीजाणू प्रत्येक घरात असतातच; त्यांना घराबाहेर ठेवण्याची भाषा फसवी आहे. आपल्या हातात एकच दोरी, ओल. आतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवावी आणि भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवावी, असं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं सांगणं आहे. यातला दुसरा अर्धा भाग सरावलीतही पाळता येतो. पहिला जुलैत पाळायचा तर खिडक्या बंद करून यंत्र लावावं लागतं.

इथेच घरोघरी एक गोंधळ चालतो. रात्री एसी लावून खोली २५ अंशांवर आणलेली असते. सकाळी कुणीतरी ‘कोंदट वाटतंय, जरा हवा येऊ दे’ म्हणत खिडक्या सताड उघडतं. बाहेर ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये २३ ग्रॅमच्या जवळ वाफ असते. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत तशी हवा भरली की पाऊण लिटर पाणी आत आलं. आणि २५ अंशांची हवा घनमीटरमागे साधारण तेवढीच वाफ पेलू शकते, त्यापुढे नाही. म्हणजे थंड फरशीला टेकलेल्या गालिच्याच्या पाठीशी आर्द्रता शंभराला भिडली. वरून सगळं कोरडं दिसतं, पाठ मात्र रोज सकाळी थोडी थोडी ओलावते. आठवड्याभरात कुबट वास सुटतो आणि ठपका येतो बाथरूमवर. खिडक्या उघडायच्या असतील तर आधी एसी बंद करून खोली कोमट होऊ द्यावी, आणि पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं असेल तेव्हाच उघडाव्यात. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काही शे रुपयांत मिळतं. ते एकदा घेतलं की घरातले वाद निम्मे होतात.

ओल हवेतून येते की फरशीतून, हे ओळखायची युक्तीही सोपी आहे. दीड फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिक घ्यायचं, चारी कडा चिकटपट्टीने फरशीला घट्ट बंद करायच्या आणि रात्रभर, निदान सोळा तास, तसंच ठेवायचं. प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला थेंब दिसले तर पाणी जमिनीतून चढतंय. वरच्या अंगाला दिसले तर हवेतलं आहे. भराव घालून उभ्या केलेल्या इमारतींच्या तळमजल्यावर ही परीक्षा जरूर करावी. जमिनीचीच ओल असेल तर तिथे गालिचा घालणं सोडून द्यावं. कितीही धुतला तरी धुणाऱ्याला फक्त दर वर्षी गिऱ्हाईक मिळेल.

सरावलीचा आणखी एक खास त्रास आहे, आणि तो धुण्याच्या माहितीपत्रकांत सापडत नाही. रविवारी मंडळी चिंचणीच्या किनाऱ्यावर जातात. मुलं भिजून येतात, ओल्या चड्डीनेच टीव्हीपुढे गालिच्यावर बसतात. पाणी वाळतं, मीठ उरतं. साध्या मिठाचा स्वभाव असा, की हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. म्हणून संपूर्ण गालिचा ठीक असतो, पण मधला एक गोल ढग पावसाळाभर चिकट आणि गार लागतो. पंखा लावा, इस्त्री फिरवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो भाग गोड्या पाण्याने धुऊन, पाणी यंत्राने ओढून मीठ बाहेर काढल्याशिवाय तो वाळत नाही. बिछान्यात मुतणाऱ्या लहान मुलांच्या आणि घरातल्या कुत्र्यांच्या डागांचंही थोडंफार असंच. तिथेही क्षारच ओल धरतात.

कपाटातला ओलावा टिपणारी जी पुडकी दुकानात मिळतात, त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं. बंद कपाटात ती कामाची. पण खालच्या पिशवीत जमलेलं पाणी म्हणजे त्या क्षाराचा पाक, आणि तो गालिच्यावर सांडला तर मिठाच्या डागाचा थोरला भाऊ तयार होतो. डांबरगोळ्या कसरीसाठी आहेत. बुरशीच्या वासावर त्या केवळ दुसरा वास चढवतात. ब्लीचबद्दल जरा कडक बोलायला हवं. ते लोकरीला अक्षरशः विरघळवतं, रंग उडवतं. शिवाय कुणी त्यात संडास धुण्याचं ॲसिड मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो. बुरशी मारणं हे तसंही अर्धंच काम. मेलेल्या बुरशीनेही शिंका आणि खोकला येऊ शकतो, तेव्हा ती निघाली पाहिजे. दमट घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वासाच्या तक्रारी जास्त होतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत मांडलं आहे. पांढरी भुरी दिसली की आधी तोंडाला मास्क, मग गालिचा घडी न करता गुंडाळून घराबाहेर, आणि तिथे झाडणं.

आता धुण्याविषयी. लोकांना वाटतं कौशल्य शाम्पूत आहे. धंद्यातला माणूस दिवसभरात सगळ्यात जास्त वेळ पाणी परत काढण्यात घालवतो. आधी गालिचा उलटा टाकून पाठीवर धोपटायचा, कोरडी धूळ जेवढी पडेल तेवढी पाडायची. धुळीवर पाणी घातलं की चिखल होतो. साबण कमी, कारण उरलेला साबण चिकट राहतो आणि महिन्याभरात दुप्पट मळ धरतो. मग वेट व्हॅक्यूमचं तोंड फिरवायचं, पाणी येणं थांबलं असं वाटल्यावर आणखी दोनदा फिरवायचं. त्यानंतर गालिचा फरशीवर ठेवायचा नाही. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर किंवा खाटेवर टाकून खालून टेबलफॅन लावायचा. पावसाळ्यात यात एक भर. खोली बंद, एसी ड्राय मोडवर, आणि एसीच्या नळीखाली बादली. बादलीत पाणी जमतंय तोवर गालिचा वाळतोय असं समजावं. नुसता छताचा पंखा ओल खोलीतल्या खोलीत फिरवत बसतो.

तागाची पाठ हळू वाळली तर तागाचा तपकिरी रंग पाण्याबरोबर तंतूंच्या टोकापर्यंत चढतो आणि फिका गालिचा चहा सांडल्यासारखा दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं, डाग तुम्हीच पाडलात. पातळ केलेल्या व्हिनेगरने तो पुष्कळसा उतरतो, पण भांडण उतरायला वेळ लागतो.

आणि हे सगळे फोन कधी येतात? गणपतीच्या आधीच्या आठवड्यात. पाहुणे येणार, आरतीला बैठक हवी, मखराच्या पुढचा गालिचा चकचकीत दिसला पाहिजे. भाद्रपद म्हणजे हवेत पाणी आणि आकाशात ढग. ओलं काम करायला याहून वाईट मुहूर्त नाही. अनुभवी धुणारा अशा वेळी पैसे सोडतो. ‘काकू, आत्ता नुसता व्हॅक्यूम मारून देतो, डाग तेवढे पुसतो, धुणं दिवाळीच्या तोंडावर’, असं सांगतो. काही काकू ऐकतात. बाकीच्या दुसऱ्याला बोलावतात, आणि अनंत चतुर्दशीनंतर वासाची तक्रार घेऊन पुन्हा पहिल्याकडे येतात.

फेकायचं कधी, हा प्रश्न लोक कमी विचारतात. नळ फुटून, खिडकीतून पाऊस येऊन गालिचा दोन दिवसांहून जास्त भिजलेला राहिला आणि त्याखाली फोम असेल, तर फोम गेला असं धरावं. घरात गटाराचं पाणी शिरलं असेल तर गालिचाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, तसं पाणी ज्या तळमजल्यांत शिरतं तिथे स्वच्छ पाणी शिरत नाही. हाताने विणलेला लोकरी असेल तर वाचवण्याचा प्रयत्न करावा, पाठ लेटेक्सची असेल तर करू नये.

किनाऱ्यावरची माणसं मे महिन्यात आगोटीची तयारी करतात. सुकी मासळी, मसाले, लाकडं भरून ठेवतात. गालिचाही त्याच यादीत हवा. मेच्या उन्हात वाळवून, गरम गालिचा सावलीत निवू देऊन, मग गुंडाळायचा. घडी घातली की पाठ तडकते. वरून प्लॅस्टिक नको, जुनी सुती साडी किंवा चादर. प्लॅस्टिकच्या पिशवीत आतली ओल आतच उकडते. गुंडाळी पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नये, पावसाचा मारा त्याच अंगाने असतो. फळीवर किंवा पलंगावर आडवी ठेवावी. आणि चार महिने उघड्या फरशीवर बसावं, त्यात कमीपणा काही नाही.

मुंबईतून मान्सून परतण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. तिच्यानंतर आठवडाभर थांबून, गच्ची वाळली की गुंडाळी वर न्यावी. पहिले दोन दिवस पाठ उन्हाकडे. सुलट बाजूला सकाळचं कोवळं ऊन पुरे, कारण लाल आणि निळा रंग दुपारी उडतो. गणपतीत किंवा हळदीकुंकवात सांडलेली हळद राहिली असेल तर तिच्यावर साबण लावू नये, ती लाल होते. तेवढाच भाग उघडा ठेवून बाकीवर चादर टाकावी, आणि हळद उन्हाच्या हवाली करावी.