फादरचा एफ मोठा की छोटा?



मागच्या महिन्यात सातवीच्या एका मुलीचा इंग्रजीतला रजेचा अर्ज आमच्याकडे आला. 'माय सिस्टर्स मॅरेज' साठी दोन दिवसांची सुटी हवी होती. लग्न 'माय अंकल' यांच्या घरी आणि शेवटी 'आय विल गो विथ फादर'. सिस्टर, मॅरेज, अंकल, फादर, चारही शब्दांचे पहिले अक्षर कॅपिटल. आम्ही सवयीने लाल पेनने चार गोल केले.

ती म्हणाली, "सर, पण हे सगळे मोठेच आहेत ना?"

आम्हाला हसू आले नाही. आमचे बी.ए. हिंदी माध्यमातून झाले. नोकरीच्या पहिल्या अर्जात आम्हीही 'माय फादर'चा एफ मोठा काढला होता. मुलाखतीत एका गृहस्थांनी तो अर्ज वाचून विचारले, "तुमच्या घरी सगळेच कॅपिटल का हो?" बाकीचे हसले. ती नोकरी मिळाली नाही. तेव्हापासून कोणत्याही वहीत मोठा एफ दिसला की आमचे पेन आपोआप चालते.

खरे पाहता मुलांची चूक समजण्यासारखी आहे. देवनागरीत मोठे-छोटे अक्षर नाहीच. आपण मान क्रियापदात ठेवतो: आई आली, पण बाबा आले. हिंदीत 'पिताजी' मधला 'जी' आहे. इंग्रजीत शिरताना हा 'जी' कुठे ठेवावा ते कळत नाही, म्हणून मुले तो कॅपिटलमध्ये ठेवतात. पण इंग्रजीचे कॅपिटल मानासाठी नाही, नावासाठी आहे. (मानासाठी असते तर स्वतःचा 'आय' नेहमी मोठा आणि समोरच्याचा 'यू' छोटा, असे झाले असते का?)

ओळखायची युक्ती सोपी आहे. नात्याच्या शब्दाच्या जागी त्या माणसाचे नाव ठेवून पाहावे. 'आय विल गो विथ रमेश' चालते, म्हणून तिथे फादर मोठा. 'माय रमेश' कानाला खटकते, म्हणून 'माय फादर' छोटा. 'अंकल रमेश' मध्ये अंकल नावाचाच भाग झाला, तो मोठा. 'माय अंकल' छोटा. हाक मारतानाही 'थँक यू, मदर' मध्ये एम मोठा. मॅरेज, फीव्हर, एक्झाम ही साधी नामे, वाक्याच्या मध्ये छोटीच. नर्मदेच्या नावाला जोडून आलेला 'रिव्हर' मोठा, नुसती नदी छोटी.

हे नियम दगडावर कोरलेलेही नाहीत. १७८७ साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत साध्या नामांनाही ठायी ठायी मोठे अक्षर आहे. जर्मन भाषेत तर आजही प्रत्येक नामाला असते.

आता त्या अर्जाकडे परत येऊ. युक्ती लावून पाहिली तेव्हा लक्षात आले की चारपैकी तीन गोल बरोबर होते, चौथा आमचा चुकला. 'विथ फादर' मध्ये 'माय' नव्हता. मुलीचे बरोबर होते. इतक्या वर्षांत असे किती बरोबर एफ आणि एम आम्ही कापले असतील, किती अर्धे-अर्धे गुण गेले असतील, त्याचा हिशोब आता कसा लावणार?

लग्नाहून परत आल्यावर तिला बोलावले, चौथा गोल खोडला आणि बाजूला सही केली. ती म्हणाली, "म्हणजे सर, बाबा मोठेच ना?" आम्ही हो म्हटले.

त्याच आठवड्यात आम्ही पालकांसाठी सूचना लिहिली. त्यात 'अवर प्रिन्सिपल' चा पी नियमाप्रमाणे छोटा ठेवला. टाइप होऊन आली तर पी मोठा. ऑफिसातल्या बाबूंना विचारले. ते म्हणाले, "सर, आपला पी छोटा बरा दिसत नाही."

सूचना फलकावर लागली आहे. पी अजून मोठाच आहे.