पुढचा शॉट कोणाचा?

सैनिक आणि निःशस्त्र माणसं समोरासमोर आल्याचं दृश्य संकलनासाठी हाती आलं, की मी आधी आवाज बंद करते आणि नुसते चेहरे बघते. सैनिकाला पडलेला पेच संवादात मांडता येतो, पण प्रेक्षकाला तो भिडतो पुढच्या शॉटमुळे. वार झाल्यावर आपण कोणाकडे बघतो आणि किती वेळ बघतो, यावर सगळं ठरतं.

पोन्तेकोर्वोच्या 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स'मध्ये (१९६६) पिशवीतून बॉम्ब घेऊन आलेली तरुणी कॅफेतल्या गिऱ्हाइकांकडे बघते. त्यात आइस्क्रीम खाणारं एक लहान मूल आहे. तो एवढासा शॉट काढून टाकला असता, तर पुढचा स्फोट म्हणजे नुसती लढाईतली सरशी ठरली असती.

आपल्याकडे नाना पाटेकरांनी 'प्रहार'मध्ये (१९९१) सैनिकाला थेट मुंबईच्या वस्तीत आणलं. मेजर चव्हाणला गुंडांपेक्षा जास्त छळते ती शेजाऱ्यांची गप्प राहण्याची सवय. आणि ज्यांच्यासाठी लढायचं शिकलो त्याच माणसांवर हात उगारावा का, हा प्रश्न त्याला तिथेच गाठतो. फौजेत असताना हा प्रश्न कधी पडला नव्हता.

हा प्रश्न मला नेहमी पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीकडे घेऊन जातो. अण्णा हजारे लष्करात ट्रकचालक होते. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात झालेल्या हल्ल्यात सोबतचे जवान गेले, अण्णा वाचले. १९७५ मध्ये लष्कर सोडून ते गावी परतले, तेव्हा गाव दुष्काळाने आणि हातभट्टीने पोखरलं होतं. गावाने देवळात दारूबंदीचा निर्णय घेतला. तरीही पिऊन येणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिले गेले, कधी अण्णांच्या लष्करी पट्ट्याने. आई आजारी लेकराला कडू औषध पाजतेच ना, असं त्याचं समर्थन अण्णांनी केलं.

यावर सिनेमा करायचा तर एक कट हात जोडून उभा असतो: पट्टा उगारला जातो आणि दुसऱ्या क्षणी पाण्याने भरलेला बंधारा, हिरवं शिवार. दिसायला सुंदर, आणि खोटाही नाही, कारण पाणलोटाची कामं झाली, विहिरींना पाणी आलं, गाव देशभर गाजलं. पण तो कट म्हणजे निकालपत्र आहे. पाणी आलं म्हणून फटके योग्य ठरले, असं तो प्रेक्षकाच्या वतीने परस्पर ठरवून टाकतो. मी तो करणार नाही. बंधारे श्रमदानातून, सरकारी योजनांतून, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून उभे राहिले. त्या सगळ्या कष्टाचं श्रेय एका पट्ट्याला देणं गावावरही अन्याय आहे.

मला पट्टा आणि बंधारा या दोहोंमधला काळ हवा. परमुलखात लढणारी पलटण सकाळी निघून जाते; इथे फटके देणारे आणि खाणारे दुसऱ्या दिवशी त्याच पाणवठ्यावर, त्याच वाटेवर भेटणार. अण्णा तर गावातल्याच यादवबाबांच्या देवळात राहत होते. दोर सुटल्यावर माणूस घरी कसा चालत गेला, वाटेत कोणी रामराम घातला, कोणी मान फिरवली, हे लेखकाने लिहिलं नसेल तर मी मागून घेईन.

आणि त्याची बायको. रोज नवऱ्याचा मार खाल्लेली ती बाई गर्दीच्या कडेला उभी राहून त्याला मार खाताना बघते आहे, असं मी कल्पते. तिथे सुटकाही असेल, शरमही असेल, उद्या घरात काय होईल याची धास्तीही असेल. या शॉटखाली मी संगीत घालू देणार नाही, कारण सारंगीचा एक सूरसुद्धा तिच्या वतीने बोलू लागेल. पट्ट्याचा आवाज पडद्याबाहेरून येऊ दे, चेहरा तिचाच राहू दे, बघणाऱ्याला अवघड होईपर्यंत. लय मंदावते म्हणून तो शॉट छोटा करा, असं दिग्दर्शक म्हणाला, तर इतर कुठलेही शॉट मी कापायला देईन, पण या एकासाठी शेवटपर्यंत भांडेन.