परभणीचे उडते हत्यार

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण मराठवाड्यात येणाऱ्या पाहुण्याला कोणी ना कोणी ऐकवतेच. परभणीकरांना तिचा राग नाही. उलट ते ती हसत हसत स्वतःच सांगून टाकतात. मुंबईहून रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसावे, मनमाड-जालना झोपेत मागे टाकावे, आणि सकाळी डोळे उघडावेत तो दोन्ही अंगांना काळीभोर जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. माझी मामेबहीण याच जिल्ह्यात दिली आहे. गेल्या भाद्रपदात तिच्याकडे चार दिवस राहिलो.

परभणीला १९७२ साली कृषी विद्यापीठ निघाले. आपल्या मंडईतली ‘परभणी क्रांती’ भेंडी इथलीच; लोह आणि जस्त अधिक असणारी ‘परभणी शक्ती’ ज्वारीही इथलीच. अलीकडे याच विद्यापीठात जागतिक बँकेच्या साहाय्याने यंत्रमानव आणि ड्रोन यांच्या शेतीतील उपयोगाचे केंद्र उभे राहिले. आमच्या भाच्याने तर फवारणीचा ड्रोन चालवण्याचा परवानाच काढला आहे. ताईच्या भाषेत, “पोरगं आता इमान उडवतंय!”

तो प्रकार मी बांधावर उभा राहून पाहिला. सहा पंखांचे, कोळ्यासारखे दिसणारे यंत्र. पोटाशी दहा लिटरची टाकी. भाच्याने हातातल्या पडद्यावर शेताच्या कडा आखून दिल्या, आणि ते आपणहून उठले, तासाला तास लावून फिरले, औषध संपताच परत येऊन बसले. एकराला सात-आठ मिनिटे. पंख्यांच्या वाऱ्याने पाने उलटत होती, म्हणून खालच्या बाजूसही औषध बसत होते. पाठीवर पंप घेऊन हेच काम करणाऱ्या गड्याचा अर्धा दिवस जातो, आणि नाकातोंडात विष जाते ते वेगळेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी आणि मजूर दगावले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्या दृष्टीने हे यंत्र म्हणजे मोठाच उपकार.

पण विष फवारणाऱ्याला आपण ‘औषध मारतो’ म्हणतो, हे मराठीच्या मास्तराला खटकल्यावाचून राहत नाही. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ किडीवरचे असेच औषध शोधत होता. हाती आला ताबून, माणसे मारणारा विषारी वायू. दुसरा शब्द ‘हत्यार’. सुताराची पटाशी हे हत्यार आणि शिपायाची तलवार हेही हत्यारच. खंडेनवमीला आपण दोन्हींना एकाच पाटावर मांडून हळदकुंकू वाहतो. जगातले मुत्सद्दी ज्या दुहेरी उपयोगावर परिषदा भरवतात, तो आपल्या भाषेने फार पूर्वी एका शब्दात बसवला आहे!

युक्रेनच्या युद्धात शेतीच्याच धर्तीचे मोठे ड्रोन रात्री बॉम्ब टाकीत फिरतात. २०२५ च्या मे महिन्यात आपल्या पश्चिम सीमेवरही ड्रोनांचे थवे आले-गेले. मग अटकाव करायचा तो कशाला? जपानात १९८७ सालीच माणसावाचून उडणारे हेलिकॉप्टर भातावर फवारणीसाठी निघाले. त्याच वर्षी सात राष्ट्रांनी क्षेपणास्त्रांच्या तंत्रावर नियंत्रण ठेवणारी व्यवस्था उभारली. तिच्या यादीत पुढे एक मजेदार कलम आले: नजरेपलीकडे वा स्वयंचलित उडणाऱ्या विमानाची फवारणीची टाकी वीस लिटरांहून मोठी असेल, तर ते परदेशी पाठवण्यास सरकारी परवाना हवा. भारत २०१६ साली या व्यवस्थेत सामील झाला. शेतीच्या पंपावर आंतरराष्ट्रीय मुत्सद्देगिरीने अशी रेघ मारलेली पाहून मला हसू आले. पण ती ज्या भीतीपोटी मारली ती हसण्यासारखी नाही.

हत्यार रणांगणावर रुळण्यापूर्वीच बंदी आल्याचे एक उदाहरण आहे. माणसाला कायमचे आंधळे करणारी लेझर शस्त्रे १९९५ साली व्हिएन्नात निषिद्ध ठरली. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेतला आणि शेत सपाट करणारा लेझर मात्र राहिला. स्वतःच माणूस निवडून मारणाऱ्या यंत्रांविषयी जिनिव्हात २०१४ पासून बोलणी चालली आहेत. २०२३ साली संयुक्त राष्ट्रसंघात यावर ठराव आला तेव्हा भारताने विरोधी मत दिले. चर्चा जिनिव्हातच व्हावी, ही आपली भूमिका. शेजार कसा आहे हे पाहता सावधपणा समजतो. तरी ज्या देशाने आपला रासायनिक शस्त्रांचा साठा २००९ पर्यंत नष्ट केला, त्याने इथे मागे राहावे, हे मला रुचले नाही.

संध्याकाळी हे सारे भाच्याला सांगितले. तो बॅटऱ्या चार्जिंगला लावत होता.

“मामा, अन् टाकी मोठी बसवली तर?”

“परदेशी विकायची झाली तर परवाना लागेल.”

“अन् परदेशातल्यानं तिथंच मोठी बसवली तर?”

मी चहाचा कप उचलला. ताईने आतून हाक दिली, की उद्या पहाटे शेजारच्या पाच एकरांवर जायचे आहे, तेव्हा पोराला लवकर झोपू द्यावे.