रानातला पूवरसु

पापनाशमच्या आमच्या घरामागे पाटाच्या काठी पारसपिंपळाचे एक झाड आहे. तमिळमध्ये त्याला पूवरसु म्हणतात. निलगिरीवरच्या लाल फुलांच्या ऱ्होडोडेंड्रॉनला तमिळ माणसाने हेच नाव दिले. फक्त मागे 'काट्टु', म्हणजे रानातला, एवढे जोडले. या नावापुरत्या नात्याच्या भरवशावर मी उदगमंडलमहून एक संकरित ऱ्होडोडेंड्रॉन आणला आणि पूवरसुच्या सावलीत लावला.

डोंगरावर हे झाड गवताळ उतारावर उघडे उभे असते. हिवाळ्यात भोवतालचे गवत हिमकणांनी करपते, तरी ते तगते. एवढी थंडी सोसणाऱ्याला उन्हाचे काय, असे मला वाटले. पण त्याची मुळे उथळ. त्यांना आम्लधर्मी, भुसभुशीत, गार माती लागते. कावेरीकाठची आमची माती चिकण. मे महिन्यात पानांच्या कडा करपल्या. आईने मायेने दोन्ही वेळा पाणी घातले आणि तापल्या ओलीत मुळे कुजली.

"त्याला तहान नव्हती रे, गारवा हवा होता," ती म्हणाली.

पुढे वाचनात आले की हिमालयातला लाल बुरांश इंग्लंडच्या हिवाळ्यात नीट तगेना, तेव्हा 1826 च्या सुमारास त्याचा संकर अमेरिकेतल्या कटॉबिएन्स या काटक जातीच्या वंशाशी केला गेला. लुइझियानातल्या दमट उन्हाळ्यासाठी जॉन थॉर्नटन यांनी तैवानच्या हायपरएरिथ्रम जातीचा आधार घेतला. झाडाला उपदेश करून भागत नाही. ते हवामान आधीच सोसलेला सोयरा त्याला मिळवून द्यावा लागतो.

सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरात राज्य स्थापले. त्यामागोमाग या मुलखात रुजलेल्या घराण्यांपैकी आमचे एक. आमच्या मराठीत तमिळ शब्द जागोजागी असतात. पुण्याच्या एका पाहुण्याने त्याला भेसळ म्हटले, तेव्हापासून मी मुलीशी पुस्तकी मराठी बोलू लागलो, तिची वाक्ये दुरुस्त करू लागलो. हळूहळू ती मला तमिळमध्येच उत्तरे देऊ लागली. मीही दोन्ही वेळा पाणीच घालत होतो.

रोप उपटले त्या संध्याकाळी ती पूवरसुच्या पानाची पिपाणी वाजवत ओट्यावर आली. रिकाम्या आळ्याकडे पाहून म्हणाली, "अप्पा, आपला काट्टुपूवरसु परत कधी आणायचा?"

किती दिवसांनी मराठीत बोलली होती! मी तिचा एकही शब्द दुरुस्त केला नाही.