पाऊण सिनेमा

सिनेमावर मत द्यायला सिनेमा पाहिलेला असावा लागतो, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. तसं असतं तर आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत एवढी शांतता पसरली असती की गिऱ्हाइकांना बँक बुडाली असं वाटलं असतं. आमच्या कर्ज विभागात एक साहेब आहेत. ते वर्षाला शंभरेक सिनेमे पाहतात. 'कॅमेऱ्याची भाषा', 'दिग्दर्शकाची नजर' असं बोलत राहतात आणि डब्यातली भाजी गार होते. दुसरे आमचे हेड कॅशियर. त्यांनी १९९४ साली 'हम आपके हैं कौन' पाहिला. साखरपुडा, लग्न, डोहाळजेवण, सगळं एकाच तिकिटात उरकल्यामुळे पुन्हा थिएटरात जायची गरजच पडली नाही म्हणतात. मी या दोघांच्या मधला. वर्षाकाठी तीन-चार. दुसऱ्या कोणी तिकीट काढलं तर पाच. बँकेच्या भाषेत सांगायचं तर सिनेमातलं माझं खातं फारसं चालू नाही, पण अगदी निष्क्रिय म्हणून शिक्का बसावा असंही नाही.

त्यातून शिक्षण बी.कॉम. सौंदर्यशास्त्र वगैरे आम्हाला ऑप्शनलाही नव्हतं. कॉमर्सवाल्याला जगात दोनच गोष्टी दिसतात, जमा आणि नावे. पैसे किती गेले, तास किती गेले, आणि बदल्यात हसू किती आलं, रडू किती आलं. दोन्ही बाजू जुळल्या की सिनेमा चांगला. फरक आला तर तो शोधत बसायचं नाही. ते काम रोज संध्याकाळी कॅशमध्ये करतोच आहे.

आता मारामारीचे सिनेमे घ्या. गोळीबाराला मी भीत नाही. पण खलनायक ब्रीफकेस उघडतो, आत नोटांची बंडलं ओळीने मांडलेली असतात, नायक एक नजर टाकतो आणि झाकण बंद करतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. अरे बाबा, मोज ना! वरची नोट खरी आणि खाली रद्दी असली म्हणजे? वीस वर्षं काउंटरवर बसलेल्या माणसाला हे बघवत नाही. एकदा मी अंधारात "मोजून घे" असं पुटपुटलो, तर पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी स्वतःचं पाकीट चाचपून पाहिलं.

'शोले'त गब्बरच्या डोक्यावर पन्नास हजारांचं बक्षीस आहे. सगळ्या देशाला तो आकडा पाठ आहे, पण त्याचा विचार कोणी केला नाही. १९७५ साली तेवढी रक्कम मुदत ठेवीत टाकली असती आणि व्याज आठ टक्के धरलं, तर नऊ वर्षांत दुप्पट, छत्तीस वर्षांत आठ लाख. तेही एकही घोडा न पळवता.

'बाहुबली'बद्दल माझी तक्रार वेगळी आहे. आम्ही गिऱ्हाइकाला "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" म्हटलं तर गिऱ्हाईक तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसतं. इथे जुलै २०१५ मध्ये पहिला भाग संपला, कटप्पाने बाहुबलीला का मारलं ते सांगितलंच नाही, आणि अख्खा देश एप्रिल २०१७ पर्यंत मुकाट्याने थांबला. एवढी सहनशीलता पासबुक छापण्याच्या रांगेत दाखवली असती तर आमच्या खात्याचं ब्लडप्रेशर कमी झालं असतं.

भुताचे सिनेमे मी लहानपणी पाहिले ते रामसे बंधूंचे. 'पुराना मंदिर' १९८४चा, 'वीराना' १९८८चा. मी पाहिले ते अर्थात व्हिडिओवर, शेजारच्यांकडे, सतरंजीच्या कोपऱ्यात. तेव्हा भीती वाटायची. आता नोकरी लागल्यावर वेगळेच प्रश्न पडतात. एवढी मोठी हवेली रिकामी पडली आहे, तिचा घरफाळा कोण भरतं? तारण म्हणून द्यायची ठरवली तर व्हॅल्युअर आत जाईल का?

पण 'तुंबाड' पाहिला आणि जीभ टाळूला चिकटली. २०१८ साली आला तेव्हा थिएटरात गर्दी नव्हती. २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला. त्यात हस्तर नावाचं भूत आहे. त्याला कणकेची बाहुली द्यायची आणि तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातली सोन्याची नाणी काढून घ्यायची. एका वेळी मूठभर. जास्तीचा हव्यास धरला की संपलं. मला तर एटीएमची दिवसाची मर्यादा कशासाठी असते ते त्या दिवशी समजलं.

विनोदी सिनेमात आमचं दैवत 'अशी ही बनवाबनवी'. १९८८चा. मूळ कल्पना १९६६च्या 'बीवी और मकान'ची, हे कर्ज विभागातल्या साहेबांनी मला तीनदा सांगितलं आहे. असेना का. पुण्यात जागा मिळवण्यासाठी दोन पुरुषांना साड्या नेसाव्या लागतात, यात लोकांना अतिशयोक्ती वाटते. मी बदली होऊन पुण्यात आलो तेव्हा एका घरमालकांनी मला गोत्र, आहार, पाहुण्यांची सरासरी संख्या आणि रात्री नळ किती वाजता बंद करता, एवढं विचारलं. साडी नेसून भागलं असतं तर मी सौ.ची पैठणी मागून आणली असती.

आणि रडण्याचे सिनेमे. 'माहेरची साडी' आला १९९१ साली. मी अकरा वर्षांचा. आईने दोन रुमाल नेले होते, त्यातला एक मध्यंतरापूर्वीच संपला. आईने पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेल्या मोजक्या सिनेमांपैकी तो एक. कारण साधं होतं. त्या दिवशी रडायचं काम थिएटरातल्या समस्त बायकांनी आपसात वाटून घेतलं होतं. माझ्या वाट्याला काही उरलंच नाही. दुसरा पूर्ण पाहिलेला 'जय संतोषी मां'. तो १९७५ सालचा. लोक थिएटराबाहेर चपला काढून आत जायचे, पडद्यावर फुलं आणि पैसे उधळायचे. तो पूर्ण पाहता आला, कारण मी जन्मलो नव्हतो.

मधली वर्षं मात्र आईची पाऊण सिनेमाची. कधी अर्धाच. आणि त्या खात्यावर कर्जदार म्हणून माझं नाव आहे.

झालं असं. १९८३ साली आमच्या गावच्या टॉकीजला 'शोले' पुन्हा लागला होता. त्या काळी तो कुठे ना कुठे लागलेलाच असायचा. बाबांनी स्टॉलची तिकिटं काढली. मी तीन वर्षांचा, आईच्या मांडीवर. घोडे आले तोवर मी खूश होतो. गब्बर आला आणि मी असा सूर लावला की पडद्यावरचे डाकू गप्प झाले असावेत. आई मला घेऊन बाहेर गेली. सोड्याच्या गाडीपाशी उभं राहून गप्प केलं, आत आली. बंदूक वाजली. पुन्हा बाहेर. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला डोअरकीपर म्हणाला, "वहिनी, आता इथंच बसा." त्याने स्वतःचं स्टूल दिलं. उरलेला 'शोले' आईने बंद दारातून ऐकला.

घरी चालत जाताना तिने बाबांना विचारलं, पुढे काय झालं? बाबांनी अख्खी गोष्ट सांगितली. गब्बर पकडला गेला, वीरूचं बसंतीशी लग्न ठरलं, आणि जय? जयचंही त्या ठाकूरच्या सुनेशी जमलं. सगळं व्यवस्थित झालं. आईला अमिताभ फार आवडायचा. त्यातही ती पांढऱ्या साडीतली, दिवे मालवणारी सून पाहून तिचा जीव अर्धा झाला होता. त्या रात्री तिला बरं वाटलं म्हणे.

पुढे घरात टीव्ही आला, आणि 'शोले' घरबसल्या दिसायला लागला. आमच्या घरी एक ठरलेला प्रकार व्हायचा. शेवटची मारामारी जवळ आली की बाबा म्हणायचे, "अगं, जरा चहा टाकतेस?" आणि आई उठायची. एकदा नाही, दर वेळी. मी कॉलेजात होतो. नुकताच स्त्रीमुक्तीवर एक परिसंवाद ऐकून आलो होतो. त्या उत्साहात मी बाबांना सुनावलं, "तिला शेवट तरी बघू द्या! चहावाचून काय अडलंय?" बाबा काही बोलले नाहीत. चहा मात्र त्यांनी घेतला.

बाबा २००९ साली गेले. जानेवारी २०१४ मध्ये 'शोले' थ्रीडी होऊन पुन्हा आला. मी म्हटलं, कर्ज फेडायची हीच वेळ. मल्टिप्लेक्सची तिकिटं काढली. ही, मी, आई, आणि आमची तीन वर्षांची कन्या. आईने आपल्या चष्म्यावर तो काळा चष्मा चढवला आणि म्हणाली, "मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिला होता तसाच आहे." गब्बर आला. आणि कन्येने तोच सूर लावला. रक्त कुठे जातं! आई सवयीने उठायला लागली. मी तिला खाली बसवलं, पोरीला उचललं आणि बाहेर गेलो. डोअरकीपरचं स्टूल आता नव्हतं, म्हणून साडेतीनशे रुपयांचं पॉपकॉर्न घेऊन जमिनीवर बसलो. 'शोले'चा शेवट मी त्या दिवशी बंद दारातून ऐकला.

आई बाहेर आली. डोळे पुसलेले दिसत होते. मला वाटलं, आता बाबांचा उद्धार होणार. तर ती म्हणाली, "ते नाणं खोटं होतं होय रे?"

"हो. दोन्ही बाजूंना छापा."

"मित्र वाचावा म्हणून फसवत होता त्याला. एवढा कॅशियर तू, कधी बोलला नाहीस."

"आणि जय मेला ते?"

"ते माहीत होतं. त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं." ती पोरीचं नाक पुसत म्हणाली, "पण ह्यांनी एवढं जुळवून सांगितलं होतं. म्हटलं, असू दे."

मागे कर्ज विभागातल्या साहेबांनी मला सांगितलं, की 'शोले'चा शेवट मुळात वेगळा होता. ठाकूर गब्बरला पायांनी तुडवून मारतो, असं चित्रित केलं होतं. आणीबाणीचे दिवस, सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि ऐन वेळी पोलीस आले. मी म्हटलं, मग माझ्या वडिलांनी काय वेगळं केलं? सेन्सॉर बोर्डाने एक शेवट बदलला, त्यांनी दुसरा. त्यांचं प्रेक्षागृह लहान होतं, एवढंच.

खोटं नाणं माझ्या काउंटरवर आलं तर मी ते घेत नाही. नियम आहे. पण काही नाणी काउंटरपर्यंत येतच नाहीत.

परवा टीव्हीवर पुन्हा 'शोले' लागला होता. आई सोफ्यावर, कन्या खाली, आता ती नववी-दहावीच्या वयाची. शेवटची मारामारी जवळ आली. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, जरा चहा टाकतेस?" हिने डोळे वटारले. आई मात्र लगेच उठली. कन्या म्हणाली, "बाबा, आजीला शेवट तरी बघू दे!"

मी काही बोललो नाही. चहा मात्र घेतला.