परसातली खोपी

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा दापोली तालुक्यातील आमच्या आगरातल्या पुष्कळ पोफळी आडव्या झाल्या. त्यांपैकी सरळ खोडे चिरून मी गोठ्याच्या माळ्यावर ठेवून दिली होती. पुढच्या वर्षी टाळेबंदीच्या काळात भाची आपल्या दोन मुलांना घेऊन गावच्या घरी राहावयास आली आणि त्या लाकडांना काम मिळाले. मुलांसाठी परसात एक खोपी बांधावी, असे मी ठरविले.

दीड हात खोल खड्डे घेऊन चार खांब पुरले. वर बांबूचे आढे आणि वासे सुंभाने आवळून बांधले. माडाच्या झावळ्या पाण्यात भिजवून त्यांची झापे विणण्याचे काम गड्याने केले; मला ते कधीच साधले नव्हते. मुलांनी जमीन चोपली, शेणाने सारवली. दार मुद्दाम इतके ठेंगणे ठेवले, की मोठ्या माणसाला आत जाता येऊ नये. एक खिडकी मात्र मी माझ्या इच्छेने ठेवली. ती माझ्या अभ्यासिकेच्या समोर येत होती.

उजेडासाठी ठेवली, असे मी सर्वांना सांगितले. खरे कारण वेगळे होते. मुलांची बोली हा माझ्या आवडीचा विषय. मोठ्यांसमोर मुले सावरून बोलतात. आडोसा मिळाला की त्यांची खरी भाषा बाहेर पडते. मी टेबलावर वही उघडी ठेवून बसू लागलो.

वही भराभर भरली. आपण व्याकरणात अभ्यस्त शब्दांचे प्रकार शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. खेळाचे सारे जग त्यांवर उभे आहे, हे त्या खिडकीने मला दाखविले. ‘घर’ म्हणजे राहण्याची जागा. ‘घर घर’ म्हणजे खेळ. ‘शाळा’ नको असलेले मूलही ‘शाळा शाळा’ आनंदाने खेळते. ‘खोटं’ बोलणे हा अपराध. परंतु ‘खोटं खोटं’ जेवण, ‘खोटं खोटं’ रडणे यांत कोणाचीच फसवणूक नसते, कारण ते खोटे असल्याचे सर्वांना ठाऊक असते. शब्द दुसऱ्यांदा उच्चारला, की त्यातला विखार निघून जातो.

एके दुपारी घर घर खेळताना शेजारच्या मुलीने विचारले, “बाबा कोण होणार?” भाचीची थोरली तेव्हा आठ वर्षांची होती. ती म्हणाली, “बाबा लिंबूटिंबू. ते आले तरी चालतात, नाही आले तरी चालतात.” (हे वाक्य येथे लिहिण्यापूर्वी मी तिची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे. त्या वेळी घेतली नव्हती.)

लिंबूटिंबू म्हणजे खेळात असूनही ज्याच्यावर राज्य येत नाही, ज्याचे बाद होणे मोजले जात नाही, असा भिडू. रात्री जेवताना मी ते वाक्य कौतुकाने सर्वांना ऐकविले. अंशाभ्यस्त शब्दाचा इतका नेमका उपयोग माझ्या एम.ए.च्या वर्गातही ऐकला नाही, अशी पुस्तीही जोडली. पत्नी हसता हसता थांबली. भाचीचा हात ताटातच राहिला. तिचे यजमान वर्षभरापासून वेगळे राहत होते आणि ‘बाबांना कामातून सवड नाही’ असे आम्ही मुलांना सांगत आलो होतो. थोरलीने माझ्याकडे एकदाच पाहिले आणि मान खाली घालून भात कालवीत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून खोपी ओस पडली. चार दिवस कोणी तिच्यात गेले नाही. आम्ही मोठी माणसे तिच्याशी नुसते, एकेरी ‘खोटे’ बोलत होतो. खरे तिला केव्हाच कळले होते आणि ते ठेवावयास तिने जी एक जागा निवडली होती, तिला मी खिडकी पाडली होती. आयुष्यभर शब्द तपासणाऱ्या मला तिच्यापुढे उच्चारण्याजोगे वाक्य सुचेना.

पाचव्या दिवशी मी खोपी सोडविली. विहिरीपलीकडे, घरातून दिसणारही नाही अशा कोपऱ्यात गड्याच्या मदतीने ती पुन्हा उभी केली. खिडकीच्या जागी झाप बांधले. मुले लांबून पाहत होती. वही मी भाचीच्या हाती दिली. त्या रात्री ती मुलांना घेऊन बराच वेळ पडवीत बसली होती. ती काय बोलली, ते मी विचारले नाही.

सकाळी थोरली एकटीच विहिरीकडे गेली. बऱ्याच वेळाने परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“मामाआजोबा, मी आत्ता तिथे काय बोलले?”

“मला ऐकू आलं नाही.”

ती क्षणभर माझ्याकडे निरखून पाहत राहिली.

“खोटं खोटं, की खरं खरं?”

“खरं खरं,” मी म्हणालो.

तिने धाकट्याला हाक मारली आणि दोघे पळत विहिरीपलीकडे दिसेनासे झाले.