डोक्यावरचं अक्षर

चि. ऋता,


लंडनला घेतलेल्या रोमन नाण्याचे फोटो मिळाले. नाव पुसून गेलं म्हणून तू हिरमुसलीस, पण ते पुरतं गेलेलं नाही. घड्याळात सात वाजतात तिथून अक्षरं सुरू होतात आणि मुखवट्याच्या डोक्यावरून उजवीकडे उतरतात. तुझ्या नाण्यावर आधी 'डी एन' आहे, म्हणजे डॉमिनुस नोस्तेर, आमचे स्वामी. पुढं 'सी ओ एन एस टी ए' मला लागलं. मग घासलेलं.

अडचण अशी की कॉन्स्टन्टाइन सम्राटाच्या गादीवर आलेल्या तीन मुलांची नावं कॉन्स्टान्टिनुस, कॉन्स्टान्टियुस आणि कॉन्स्टान्स. लॅटिनमध्ये पहिली सात अक्षरं तिघांचीही एकच! म्हणून नाणं उलटं कर. मागं घोड्यावरून कोसळणारा स्वार आणि त्याला भाला खुपसणारा सैनिक आहे. 'सुखाचे दिवस परत आले' अशा अर्थाच्या घोषणेचं हे चित्र 348 सालापासूनचं, आणि थोरला कॉन्स्टान्टिनुस तर 340 मध्येच मारला गेला. तो गळला.

उरले दोघे. इथं मला सगळ्यात जास्त आवडणारी जागा येते. राजाचं डोकं काठाच्या जवळ येतं, त्यामुळं नाव तिथं तुटतं. कॉन्स्टान्सचं नाव सहसा 'ए'नंतर तुटतं, कॉन्स्टान्टियुसचं 'एन'नंतर. म्हणजे नाव अर्धं गेलं तरी फटीआधीचं एक अक्षर पुरतं. अक्षरांचे माथे काठाकडे असतात, म्हणून ठसा सरकला की माथे कापले जातात आणि पाय राहतात. 'ए'चे पाय फाकलेले, 'एन'चे सरळ उभे. तेवढेच शोध.

खोलीत अंधार कर, मोबाइलचा टॉर्च टेबलाला टेकवून आडवा धर आणि नाणं हळूहळू फिरव. समोरून उजेड टाकलास तर काही दिसणार नाही, आडव्या उजेडात पायांची सावली पडते. पाय फाकलेले निघाले तर नाणं 348 ते 350 मधलं, कारण 350 मध्ये कॉन्स्टान्सही मारला गेला. सरळ निघाले तर कॉन्स्टान्टियुस, आणि काळ 361 पर्यंत लांबतो. याच नावाचा त्याचा चुलतभाऊ गॅलुसही 351 ते 354 युवराज होता, पण त्याचं डोकं उघडं असतं. तुझ्या राजाच्या मानेमागं मुकुटाच्या फितीची दोन टोकं मला दिसली, म्हणून तो नव्हे.

आणि कृपा करून चिंच किंवा लिंबू लावू नकोस. मी एका नाण्याला लावलं होतं. खाली टांकसाळीची 'ए एन' अक्षरं होती, म्हणजे अँटिओक. तांबं लखलखलं आणि ती दोन अक्षरं विरघळली. आजही वाईट वाटतं. साध्या डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेव, घाई नको.

फटीआधीचे पाय कसे आहेत, तेवढं आज रात्रीच कळव. मी जागी आहे.

तुझी,
मावशी